पावसाची ओळ

रेवा, परवा फोनवर तू सांगितलंस की नव्या नोकरीत एखादी पोस्ट लोकांपुढे सोडताना तुझा हात बटणाशी थबकतो आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी तुला हसतात. मागून ईशान ओरडला, "आजी, तिला सांग, नुसतं एक बटण आहे ते!" उत्तर होतं माझ्याकडे, पण ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून तुम्हा दोघांसाठी हे लिहायला बसले आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या सगळ्यांत भित्र्या माणसाबद्दल सांगणार आहे. तिचं नाव वनिता.

तुमचे आजोबा गेल्यावर मी वर्षभर घरातली कपाटं लावली. सगळी लावून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली, तेव्हा शेजारचा नितीन म्हणाला, "काकू, तुमचं इंग्रजी घरात कुजतंय. माझ्याकडे या." त्याने शिळफाट्यावर छोटीशी कंपनी काढली होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली औषधांचं दुकान, आणि आम्ही सगळे मिळून सहा जण. साजगावच्या कारखान्यांना हजेरीचं आणि मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर करून द्यायचं, आणि कर्जत-खालापुरातली फार्महाउसं, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांची सोशल मीडियावर जाहिरात करायची, असा कंपनीचा दुहेरी धंदा. मी इंग्रजी मजकूर तपासायचा, आणि तो लोकांपुढे सोडायचा वनिताने.

वनिता पोशीरची. घरची भातशेती, नवऱ्याचा टेंपो. बारावी झाल्यावर तिने नेरळला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि दोन्ही भाषांत तिची बोटं माझ्यापेक्षा झरझर चालत. पोशीरहून नेरळपर्यंत टमटम, पुढे कर्जतला गाडी बदलून लौजी, तिथून चालत शिळफाटा, असा तिचा रोजचा प्रवास. तरी ऑफिसात सगळ्यांच्या आधी हजर. चाळिशीची, बारीक अंगाची, पर्स छातीशी धरून चालणारी. फोन वाजला की ती खुर्चीतून उठून उभी राहायची आणि गिऱ्हाइकाशी बोलणं संपेपर्यंत खाली बसायची नाही. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "अगं, उभी का?" तर म्हणाली, "बसून बोललं की चूक व्हती, मॅडम."

पोस्ट सोडायची तिची पद्धत तर बघण्यासारखी होती. आधी ती मजकूर मोठ्याने वाचायची, तोही कुणाला तरी ऐकवून. कुणी मोकळं नसेल तर जिन्यावर जाऊन झाडूवाल्या बाईंना. मग माउस पदराने पुसायची. मग बटण दाबताना, सासरी निघालेल्या लेकीला सांगावं तशा आवाजात, पुटपुटायची, "जा बाई. नीट जा." त्यानंतर उजवा हात मांडीखाली घेऊन मिनिटभर स्तब्ध. मग स्वतःच्या फोनवर तीच पोस्ट उघडून, परक्या माणसाच्या नजरेने पुन्हा वाचायची.

तिच्याकडे एक शंभर पानी वही होती. डाव्या पानावर त्या दिवशी काय काय सोडलं ते, आणि उजव्या पानावर त्यातलं काय चुकू शकतं ते. उजवं पान नेहमी आधी भरायचं. नितीन नवीन काही समजावून सांगायला लागला, की तो श्वास घ्यायला थांबला रे थांबला की हिचा प्रश्न यायचा, "आणि नाय झालं तर?" नितीन कपाळाला हात लावायचा. "वनिताताई, तुम्ही माझ्या लग्नात नव्हता ते बरं. भटजींनासुद्धा विचारलं असतंत." सगळे हसायचे. तीही हसायची आणि मग पुन्हा म्हणायची, "हां, पण नाय झालं तर?"

एकदा जेवताना मी तिला विचारलं, इतकं भ्यायला काय झालं. ती तांदळाची भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आई सांगायची. पाणी, विस्तव आणि बोललेला शब्द, तिघांकडं पाठ करू नये. आपलं काम तर शब्दाचंच हाय ना, मॅडम."

ही भीती रिकामी नव्हती, हे मला साजगावात कळलं. तिथल्या एका कारखान्यात आम्ही अंगठ्याच्या हजेरीचं यंत्र बसवलं. अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की हजर. नितीनचं म्हणणं होतं की पहिल्याच दिवशी कागदी हजेरीपुस्तक बंद करावं, नाहीतर लोकांना सवय लागत नाही. वनिता त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. "सर, पुस्तक एक महिना राहू दे वॉचमनकडं."

"का पण?"

"नाय घेतला अंगठा तर?"

"यंत्र आहे ते ताई, माणूस नाही रुसायला." तरी पुस्तक त्याने महिनाभर राहू दिलं.

पहिल्या सकाळी दारात बायकांची रांग थांबली. सात-आठ जणींचे अंगठे यंत्र ओळखेचना. पुसून बघितले, ओले करून बघितले. तांबडा दिवा काही जाईना. यंत्रापुढे हात पसरून उभ्या असलेल्या त्या बायकांचे चेहरे मला आठवतात. आपण आलो आहोत आणि तरी आलेलो नाही, अशी भीती होती त्या चेहऱ्यांवर. वनिताने एकीचा हात हातात घेतला, आपला अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी धरला आणि नितीनला दाखवला. दोन्ही अंगठे गुळगुळीत. "सर, लावणीत नि भांड्यांत रेघा झिजत्यात. यंत्राला सांगा, ह्या हातांना काम हाय." त्या दिवशी वॉचमनकडचं जुनं पुस्तकच कामाला आलं. ते ठेवायला लावणारी वनिता मात्र परतीच्या रिक्षात सबंध वेळ एकच घोकत होती. साहेबांसमोर बोलले, आता नोकरी जाईल, म्हणून.

आमच्याकडे महिन्याभराच्या पोस्ट एकदम तयार करून ठेवत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सॉफ्टवेअर त्या आपोआप सोडायचं. सगळ्यांना याचा आनंद, हिला धसका. रोज लवकर येऊन ती त्या दिवशी सुटणारी प्रत्येक पोस्ट पुन्हा वाचायची. मी म्हटलं, "कालच तर वाचलीस." तर म्हणे, "काल चांगलं व्हतं ते आज चांगलं असंलच असं नाय." एका सकाळी तिने एका मंगल कार्यालयाची वाजंत्री, फुलं आणि हसऱ्या चेहऱ्यांची पोस्ट घाईघाईने मागे घेतली. कार्यालयाच्या मालकांची आई पहाटे गेली, हे तिला गाडीत कळलं होतं. मालकांना याचा कधी पत्ताही लागला नाही. उजव्या पानावर तिने लिहिलं: 'रोज विचारणे, कोणाकडे काय झाले.'

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना माझा हात जरा अडखळणार आहे, तेव्हा समजून घ्या.

पोशीरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, दळवी नावाच्या गृहस्थांनी फार्महाउस बांधलं. राहायला खोल्या, अंगणात झोपाळे, चुलीवरचं जेवण. त्यांची जाहिरात आणि बुकिंगचं सॉफ्टवेअर, दोन्ही कामं एप्रिलमध्ये आमच्याकडे आली. नकाशावर रस्ता दाखवण्यासाठी कुणीतरी तो फोन घेऊन चालत जाऊन नोंदवायचा होता. वनिताचंच गाव, म्हणून तिला पाठवलं. ती ज्या वाटेने लहानपणापासून जायची त्या वाटेने गेली. मोठ्या रस्त्यावरून खाली उतरून, ओढ्यावरच्या फरशीवरून पलीकडे. फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका, बिनकठड्याचा सिमेंटचा पूल. एप्रिलमध्ये त्याच्याखाली पाण्याचा टिपूस नसतो, पोरं क्रिकेट खेळतात.

त्या गावात प्रत्येक ठिकाणाला दोन वाटा असतात. एक उन्हाळ्याची आणि एक पावसाची. पावसाळ्यात फरशीवरून कुणी जात नाही. गावाला वळसा घालून वरच्या पुलाने जातात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण नकाशाला वाट एकच कळते, जी चालून दाखवली ती.

वनिताला हे लगेच उमगलं. पाहुण्यांना येण्याच्या दिवशी सकाळी आपोआप जाणारा मेसेज तिने मराठीत लिहिला, त्याच्या शेवटी होतं: 'पावसाळ्यात फरशीवरून येऊ नये. वरच्या पुलाने यावे. शंका वाटल्यास गावात विचारावे.' त्याचं इंग्रजी मी केलं, आणि पाहुण्यांना जाणार होतं ते तेच. मेसेज फोनच्या एका पडद्यात मावला पाहिजे, असा नियम होता आणि नियम पाळायची मला हौस. मी तो नीटस केला. शेवटच्या ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी आलं, ओढ्यावरून येणाऱ्या छोट्या, रमणीय रस्त्याचा आनंद घ्या.

"मॅडम, ती पावसाची ओळ?" वनिताने विचारलं.

"आत्ता कुठे पाऊस? पावसाळा आला की घालू."

मी डायरीत लिहूनही ठेवलं, 'पावसाळा आला की ओळ घालणे.' माझ्या डायरीतली बिनतारखेची ती एकमेव नोंद.

जूनच्या मध्यावर तिने जिन्यात मला गाठलं. "मॅडम, दळवींची ओळ घातली ना?" मी म्हटलं, "हो, हो." मी खोटं बोलत नव्हते, मुलांनो. ओळ आपण घातलीच असणार, असं माझं माझ्याबद्दलचं मत होतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'नाय झालं तर' विचारणारी ती बाई, माझ्या 'हो'पुढे मान डोलावून निघून गेली.

जुलैतल्या एका शनिवारी, अकराचा सुमार. वनिता लावणीसाठी रजेवर होती. दरवर्षी घ्यायची ती. शिळफाट्यावर पाऊस असा फारसा नव्हताच. माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, वनिता बोलते. दळवींकडं आज कुणी पावणे हायेत का?" मागे पावसाचा आवाज आणि बायकांचं बोलणं. शेतातूनच बोलत होती.

मी बुकिंग उघडलं. "आहेत. मिनी बस आहे. सतरा माणसं, त्यात सहा लहान मुलं. का गं?"

"डोंगरावर लय काळं झालंय. हितं नुसती भुरभुर हाय, पण ओढ्याचा आवाज बदललाय. ती ओळ हाय ना मेसेजमदी?"

"आहे ना," म्हणत मी सकाळी गेलेला मेसेज उघडला.

मी तो एकदा वाचला. मग खालून वर वाचला, जणू उलटं वाचल्यावर ओळ सापडेल.

"मॅडम?"

"नाही आहे, वनिता."

रागवायला तिच्याकडे वेळ नव्हता. "नेरळवरनं कवा निघाले?"

"साडेदहाला निघतो असं लिहिलंय."

"मग आलेच ते. तुमी फोन लावा त्यांना, सारखा लावा. मी येते."

आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. पण त्या क्षणी तो शब्द मला असा काही लागला की रिसीव्हर हातात तसाच राहिला.

मी पाहुण्यांचा फोन लावला. नेटवर्कच्या बाहेर. पुन्हा लावला. दळवींच्या फार्महाउसवर घंटा वाजून वाजून थांबली, पाऊस सुरू झाला की तिथली वीज आणि माणसं दोन्ही बेपत्ता. नितीनने गावात तीन-चार ठिकाणी फोन केले. लावणीच्या दिवसांत गाव शेतात आणि फोन घरात. पोलीस पाटील कामासाठी कर्जतला. "काकू, मी निघतो," म्हणून त्याने गाडी काढली, पण शिळफाट्याहून तिथे पोहोचायला तास तरी हवा, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी टेबलाशी एकटी. समोर पडद्यावर माझं सुरेख इंग्रजी वाक्य आणि त्याखाली बारीक खूण, मेसेज पोहोचला, वाचला गेला. ती खूण मी आजवर किती समाधानाने बघत आले होते! त्या दिवशी मला ती बघवेना आणि तिच्यावरची नजरही हटवता येईना. खाली औषधांच्या दुकानात कुणी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं. सहा लहान मुलं, एवढंच डोक्यात. तुम्ही दोघं तेव्हा केवढी होतात, तेवढीच धरली मी ती मुलं. फोन लावत राहिले. नंबर पाठ झाला, आजही पाठ आहे.

तिकडे काय झालं, ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. थोडं वनिताकडून, जास्त ड्रायव्हरकडून, आणि सगळ्यात जास्त त्या व्हिडिओतून.

वनिता पावसासाठी पांघरलेलं इरलं शेतातच टाकून बांधाबांधाने धावत गेली. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. बस फरशीच्या तोंडाशी आलेली. फरशीवरून पाणी वाहत होतं, पण नावाला. घोटासुद्धा बुडला नसता. ती बसपुढे आडवी झाली.

"ओ मावशी, सरका की," ड्रायव्हर म्हणाला.

"फुडं जाऊ नका. पाणी येतंय."

"कुठाय पाणी? पोरं नाचतील त्यात."

"येतंय वरनं. आवाज ऐका ना दादा."

बसमध्ये गाणी लागलेली. आवाज कोण ऐकणार? एक गृहस्थ छत्री उघडून खाली उतरले. "काय पाहिजे तुम्हाला? इथून जायचे पैसे घेता का?"

"नाय साहेब. मला काय नको. वरच्या पुलानं जावा."

"मॅपवर तर हाच रस्ता आहे. चार मिनिटं."

आता ही वनिता. गिऱ्हाइकाचा फोन आला की उभी राहणारी. नितीनच्या टेबलाशी पदर पिळणारी. तिच्याकडे या माणसांना पटवायला एकही मुद्दा नव्हता. तो नकाशा आपणच चालून काढलाय, हे सांगायचं तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांना खरं वाटलं नसतं. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला, तसा तिचा धीर सुटला आणि ती बसपुढे चिखलात मटकन खाली बसली. रडायला लागली. "माझा जीव घाबरतोय साहेब. तुमी जाऊ नका. माझा जीव घाबरतोय."

बसमधली माणसं हसली. वाईट होती असं नाही, सुट्टीवर आलेली होती. कॉलेजातल्या एका मुलीने खिडकीतून व्हिडिओ काढला. त्या काठावर नेटवर्क येत-जात असतं. माझा फोन शेवटपर्यंत लागला नाही, पण तिने मैत्रिणींना पाठवलेला व्हिडिओचा पहिला तुकडा मात्र बरोबर गेला.

दुसऱ्या तुकड्यात सुरुवातीला हॉर्न ऐकू येतो, हशा ऐकू येतो. मग कुणीतरी म्हणतं, "ए, ते बघ." कॅमेरा वनितावरून वर उचलला जातो, आणि तिथे फरशी नसते. तांबडं पाणी असतं, आणि त्यातून एक आख्खा उंबर मुळांसकट आडवा जाताना दिसतो. मग गाणी बंद होतात. लहान मुलांची किंकाळी येते. बस मागे जाते. वनिता मात्र तशीच बसलेली असते, पाण्याकडे तोंड करून.

नितीनचा फोन आला तेव्हा सव्वाबारा झाले होते. "काकू, सगळे ठीक आहेत. सगळे." मी टेबलाच्या कडेला धरून खाली बसले, तेव्हा कळलं की मी इतका वेळ उभीच होते.

वनिता रजा संपवून आली तोवर पहिला तुकडा तालुकाभर फिरला होता. मुलीच्या मैत्रिणींनी तो हौसेने सगळीकडे टाकला होता, वर लिहिलेलं, 'गाववाल्यांची नवी वसुली.' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा. पण ती आली त्या सकाळी नितीनला आधी दुसरंच विचारायचं होतं. दळवींना उत्तर द्यायचं होतं. त्याने आम्हा दोघींना समोर बसवलं. "ती ओळ काढली कुणी?"

डायरी माझ्या मांडीवर होती. मी चष्मा काढून पुसला.

वनिता उभी राहिली. "मजकूर माझा व्हता, सर. मी परत बघितला नाय." पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं.

मुलांनो, मी चष्मा पुसतच राहिले. त्या शनिवारी मला सतरा माणसांची भीती वाटली होती. या वेळी भीती कसली, तर या वयात कुणी मला निष्काळजी म्हणेल याची. दोन्ही भीतींमध्ये छातीतली धडधड अगदी सारखीच होती, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नितीनला खरं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "जाऊ दे काकू, होतं असं." वनिताला आदल्या दिवशी तो असं म्हणाला नव्हता. मग मी तिच्या टेबलाशी गेले आणि तिलाही सांगितलं, तिला ते माहीतच असलं तरी. मी माफीची वाट बघत होते. ती म्हणाली, "तुमचं मी बघत नव्हते, मॅडम. आता बघीन." आणि वही उघडून उजव्या पानावर माझं नाव लिहिलं. त्यानंतर माझा प्रत्येक मजकूर तिने मोठ्याने वाचला, आणि मी समोर बसून ऐकला.

तो व्हिडिओ काढून टाकावा म्हणून नितीनने तक्रार लिहून ठेवली होती. वनिता म्हणाली, "दावा मला." उभ्यानेच बघितला. आपण चिखलात बसून रडतोय, लोक हसताहेत. दोनदा बघितला. मग विचारलं, "फुडचा तुकडा कुणाकडं हाय?"

पाहुण्यांनी तो दळवींकडे पाठवला होता, सोबत क्षमा मागणारा लांबलचक मेसेज. वनिताने दोन्ही तुकडे जोडले. आपलं रडणं कापलं नाही, लोकांचं हसणं कापलं नाही. वर मोठ्या अक्षरांत तीन वाक्यं घातली: 'पावसाळ्यात फरशीवरून येऊ नये. वरच्या पुलाने यावे. शंका वाटल्यास गावात विचारावे.' दळवींच्या पानावर ते सगळ्यात वर राहील अशी सोय केली.

"वनिताताई, अहो लोक तुम्हाला हसतील," नितीन म्हणाला.

"हसू दे. हसायला थांबतील तरी."

तिने माउस पदराने पुसला. "जा बाई. नीट जा," म्हणाली आणि बटण दाबलं.

पुढे जिना माझ्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून मी नोकरी सोडली. वनिता अजून तिथेच आहे असं नितीन सांगतो. नकाशावरची वाट आम्ही दुरुस्त करून घेतली होती, तरी नकाशाच तो, जवळची वाट दिसली की मधूनच पुन्हा फरशी दाखवतो.

हे मला गेल्या जुलैत कळलं. पोशीरच्या पुढे एका ओळखीच्या घरी साखरपुड्याला चालले होते. भाड्याची गाडी, ड्रायव्हर नवखा, फोनवरची बाई सांगेल तिकडे वळणारा. तो मोठ्या रस्त्यावरून खाली उतरला आणि मी सावध होऊन बसले. पाऊस भुरभुर. डाव्या हाताला खाचरात बायकांची रांग वाकून लावणी करत होती. आमच्या गाडीचा आवाज ऐकून त्यातली एक सरळ झाली. कोपरापर्यंत चिखल, पाठीवर इरलं. तिने हात वर केला, पंजा आमच्याकडे करून.

"ओळखीची आहे वाटतं," ड्रायव्हर म्हणाला आणि खुशीत हॉर्न वाजवला.

पुढे फरशी दिसत होती. कोरडी नव्हे, पण मोकळी. पाणी तिच्यापेक्षा वीतभर खाली. आरामात गेलो असतो.

"गाडी मागे घ्या," मी म्हटलं. "वरच्या पुलाने जायचंय."

तो कुरकुरत गाडी मागे घेऊ लागला. मी काच खाली करून "वनिता!" अशी हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती हाक माझ्यापाशीच राहिली. आत कोण बसलंय, हे तिला दिसत नव्हतं. ती गाडीच्या चाकांकडे बघत होती. गाडी पुरती वळून चढाला लागेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही. मग बाजूच्या बाईच्या हातातून रोपांची मूठ घेतली आणि पुन्हा ओळीत वाकली.